पासिंग झालंय, पण स्टेअरिंगचं काय? आळंदी-चाकण पट्ट्यातल्या जुन्या पिकअपचा प्रश्न नेमका काय आहे

११ ऑगस्ट २०२५. श्रावणी सोमवार होता. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या आणि गाडी होती पिकअप. पाईट परिसरातल्या चढावर गाडी ड्रायव्हरच्या ताब्यातून सुटली, मागे घसरली आणि खाली कोसळली. किमान दहा महिलांचा जीव गेला. पंतप्रधानांनी दोन लाखांची आणि मुख्यमंत्र्यांनी चार लाखांची मदत जाहीर केली. पुढचे दोन-चार दिवस एकच प्रश्न चर्चेत होता: मालवाहू गाडीत माणसं बसवलीच कशी?

प्रश्न बरोबरच आहे. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न आहे, जो आपल्याकडे अपघातानंतरही फारसा कुणी विचारत नाही. आपल्या रस्त्यांवर दहा-बारा वर्षांच्या ज्या पिकअप धावतात, त्यांची चाकं ज्या सांध्यांवर उभी आहेत, ते सांधे कोण तपासतं? आणि कधी?

आधीच स्पष्ट करू. कुंडेश्वरचा अपघात अमुक एका पार्टमुळे झाला, असं या लेखात म्हणायचं नाहीये. पण त्या दिवशी जी गाडी होती, तशाच गाड्यांवर हा सगळा पट्टा चालतो, म्हणून सुरुवात तिथून केली.

आळंदी याच खेड तालुक्यात येते. सकाळी आळंदी-मरकळ रस्त्यावर किंवा मोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दहा मिनिटं उभे राहा. भाजी, सिमेंट, प्लायवूड, कंपनीचं मटेरियल, मंडपाचे बांबू, गॅस सिलिंडर, सगळं पिकअपमधूनच चाललेलं दिसेल. आषाढीला पालखी निघाली की दिंड्यांचं सामान, भांडीकुंडी, राहुट्या यातूनच जातात. कार्तिकीला आळंदीत येणाऱ्या दिंड्यांच्या मागेही हीच गाडी. आणि नवस, देवदर्शन, लग्नाचं वऱ्हाड असलं की मागच्या हौद्यात सतरंजी अंथरून माणसंही हीच गाडी नेते. बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी नेते.

बिघडतं नेमकं काय?

स्टेअरिंग फिरवलं की चाक वळतं, एवढंच आपल्याला दिसतं. मधे एक साखळी असते. स्टेअरिंग बॉक्स, त्यातून निघणारा आर्म, मग दांडे, आणि दांड्यांच्या टोकांना टाय रॉड एंड. हा टाय रॉड एंड म्हणजे वाटीत बसवलेली एक लोखंडी गोळी. आपल्या खांद्याचा सांधा असतो ना, अगदी तसाच. वाटीत ग्रीस असतं आणि वरून रबरी टोपी असते. खेळ त्या टोपीचा असतो. टोपी फाटली की आत पाणी आणि धूळ जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळी वाटीला घासायला लागते. वाटी हळूहळू मोठी होत जाते. याला गॅरेजवाले म्हणतात ‘प्ले आला’.

सुरुवातीला फक्त खडखड ऐकू येते. मग स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक लगेच हलत नाही. मग ड्रायव्हरला सरळ रस्त्यावरही सतत स्टेअरिंग इकडे-तिकडे करावं लागतं. आणि इथेच खरी गोम आहे. हे सगळं इतकं सावकाश होतं की रोज गाडी चालवणाऱ्याचे हात त्या ढिलेपणाला सरावतात. गाडी ‘अशीच चालते’ असं त्याला वाटायला लागतं. एखाद्या दिवशी दुसऱ्याने स्टेअरिंग हातात घेतलं की तो दचकतो.

शेवटची पायरी म्हणजे गोळी वाटीतून निसटणं. त्या क्षणी दोन्ही चाकांचा एकमेकांशी संबंध संपतो. एक चाक स्टेअरिंगचं ऐकतं, दुसरं खड्ड्याचं.

पुढच्या बाजूला दोन प्रकार असतात. काही पिकअपमध्ये पुढेही आडवा सळसळीत आक्सल आणि पाटे असतात, तिथे चाक किंग पिनवर वळतं. काहींमध्ये प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं असतं आणि चाक वर-खाली दोन आर्मच्या मधल्या बॉल जॉइंटवर तोललेलं असतं. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी नाकावर बसते. गर्दीच्या रस्त्याच्या कडेला पुढचं चाक बाहेर मुडपलेली गाडी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. ‘आक्सल तुटला’ म्हणत लोक पुढे जातात. बऱ्याचदा आक्सल शाबूत असतो, सांधा गेलेला असतो.

मागे पाटे असतात. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, मधून सेंटर बोल्ट, आणि आक्सलला घट्ट धरणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार त्या एका सेंटर बोल्टवर येतो. तो कापला गेला की आक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते. हायवेवर अशी गाडी मागून बघितली की लगेच कळते, पुढची आणि मागची चाकं एका रेषेत नसतात.

आता कुंडेश्वरच्या चढाकडे परत या. बातम्यांनुसार गाडीत तीस ते चाळीस जण होते. पस्तीस धरा, सरासरी वजन ५५ किलो धरा, तर झाले १,९२५ किलो. या वर्गातल्या गाड्यांची वहनक्षमता मॉडेलप्रमाणे साधारण सव्वा ते पावणेदोन टन असते. शिवाय सिमेंटची गोणी जागेवर पडून असते, माणसं उभी असतात आणि वळणावर एका बाजूला झुकतात. गाडीचा तोल वर जातो. चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग तर पुढच्याच चाकांवर चालतं. अशा वेळी सगळे पार्ट नवेकोरे असले तरी गाडी धोक्यातच असते. सांधे झिजलेले असतील तर ड्रायव्हरकडे चूक सावरायला जागाच उरत नाही.

मग पासिंगमध्ये हे सापडत नाही का?

आपण ज्याला पासिंग म्हणतो, ते म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी ते काढावं लागतं. ते नसेल तर कायद्याच्या दृष्टीने गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही.

स्टेअरिंगबद्दल नियम आहे, आणि तो आश्चर्य वाटेल इतका बारकाईचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ सांगतो की स्टेअरिंगचा ढिलेपणा ३० अंशांपेक्षा जास्त नको, जोडणीतल्या सगळ्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. म्हणजे ती फाटलेली शंभर-दोनशे रुपयांची टोपी हा थेट नियमभंग आहे!

पण ३० अंश म्हणजे किती? घड्याळात काटा बारावरून एकवर जातो, तेवढं. इतकं स्टेअरिंग फिरवूनही चाक हललं नाही, तरी गाडी नियमात बसते. माझ्या मते ही सूट फार मोठी आहे. १९८९ च्या गाड्या आणि १९८९ चे वेग डोळ्यांसमोर ठेवून ती दिलेली असावी.

तपासणी आतापर्यंत मुख्यतः डोळ्यांनी व्हायची. इन्स्पेक्टर लाइट बघणार, हॉर्न वाजवणार, ब्रेक मारायला लावणार. गाडीखाली वाकून प्रत्येक सांधा हलवून बघायला रांगेतल्या किती गाड्यांना वेळ मिळणार? म्हणून २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. तिथे ब्रेक रोलरवर तपासतात, चाकं सरळ चालतात की बाजूला ओढतात हे साइड स्लिप टेस्टर सांगतो, आणि हलणाऱ्या प्लेटवर चाक ठेवून सांध्यातला प्ले बघता येतो. व्यावसायिक गाड्यांना ही तपासणी सक्तीची करण्याची तारीख पुढे ढकलत ढकलत १ ऑक्टोबर २०२४ वर आली. जिथे असं केंद्र आहे तिथे हा मोठा बदल आहे, कारण मशीनसमोर ओळखपाळख चालत नाही.

पण मशीन कितीही चांगलं असलं तरी ते वर्षातला एक दिवस बघतं. आणि त्या एका दिवसाची तयारी कशी होते, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. पासिंगच्या आधी गाडी गॅरेजला लागते, रंग मारला जातो, रेडियम चिकटवलं जातं, ग्रीसिंग होतं. ताजं जाड ग्रीस भरलं की झिजलेल्या सांध्याचा आवाज काही दिवस दबतो. पासिंग झालं की गाडी पुन्हा लाइनला.

सरकार वय मोजतंय, झीज नाही

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीचं शुल्क वाढवलं. आधी १५ वर्षांपुढे जादा शुल्क लागायचं, आता १० वर्षांपासूनच लागतं. १० ते १५, १५ ते २० आणि २० वर्षांपुढे असे तीन टप्पे केले गेले. २० वर्षांपुढच्या जड ट्रक आणि बसचं शुल्क २,५०० रुपयांवरून थेट २५,००० वर गेलं. हलक्या मोटार वाहनांसाठी याच वयाला १५,००० रुपये.

हेतू उघड आहे. जुनी गाडी ठेवणं महाग करा, म्हणजे लोक ती भंगारात काढतील. प्रदूषणाच्या बाजूने त्यात तथ्य आहे, कारण जुनं इंजिन दुरुस्त करूनही नव्या मानकांचं होत नाही. पण स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचा हिशोब वेगळा आहे. हे भाग बदलण्यासाठीच बनवलेले असतात. बारा वर्षांच्या पिकअपला नवे टाय रॉड एंड, नवे बुश, नवे शॉकअप आणि नीट कसलेले पाटे बसवले, तर त्या बाबतीत ती पाच वर्षांच्या ओव्हरलोड मारलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित असू शकते. शुल्काच्या तक्त्यात मात्र या दोघींमधला फरक उलटा दिसतो.

आणि ज्याची एकच गाडी आहे आणि तिच्यावरच घर चालतं, तो वाढलेल्या शुल्काचे पैसे आणणार कुठून? बहुतेक वेळा त्याच दुरुस्तीच्या पैशांतून. सरकारला हे नको असणार, पण कागदावरचा खर्च वाढला की गाडीखालचा खर्च पुढे ढकलला जातो, हे नाक्यावरच्या कुठल्याही मालकाला सांगावं लागत नाही.

रस्ते आणि भाडं, दोन्ही बाजूंनी मार

या पट्ट्यात सांधे लवकर का जातात, हे वेगळं समजवायची गरज नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी, पावसाळ्यात कसा असतो हे त्यावरून कामाला जाणाऱ्यांना विचारा. पुणे-नाशिक महामार्गावर नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, खर्च ७,८२७ कोटी. तो होईल तेव्हा होईल. तोवर खड्डा चुकवायचा तर शेजारी कंटेनर, आणि नाही चुकवला तर सगळा दणका थेट सांध्यात.

त्यात ओव्हरलोड. मालकांचा यावरचा जुना इलाज म्हणजे मागे एक-दोन पाटे जास्तीचे टाकणं. गाडी मग भाराने बसत नाही, दिसायला ताठ राहते. पण पाटे वाढवल्याने आक्सल, ब्रेक, टायर, चासी यांची ताकद वाढत नाही. उलट रिकाम्या गाडीत मागचं टोक खड्ड्यावर उड्या मारतं आणि दणका शोषला न जाता वर चासीत जातो. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. पण दोनशे किलो जास्त न्यायला नाही म्हटलं तर भाडं शेजारच्या गाडीला जातं, आणि ते नुकसान दंडासारखं कधीतरी होत नाही, रोज होतं.

एक गंमत बघा, अर्थात कडू गंमत. शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना याच खेड तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला आहे. गाड्यांचे भाग तपासणारी केंद्रीय सडक परिवहन संस्था भोसरीत आहे. एआरएआयची चाचणी केंद्रं चाकणमध्ये आहेत. देशभरातल्या नव्या गाड्यांचे सांधे जिथे बनतात आणि तपासले जातात, त्याच रस्त्यावर बारा वर्षांची पिकअप लोकल पार्टवर धावते.

लोकल पार्ट म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. रॅने मद्राससारख्या कंपन्या गाडी कंपन्यांनाही स्टेअरिंगचे भाग पुरवतात आणि बाजारातही विकतात. असा पार्ट गाडी कंपनीच्या खोक्यात नसला तरी चालतो. घोळ होतो तो नावाच्या नकलेत आणि भंगारातून काढून रंग मारलेल्या पार्टमध्ये. बिल न देता विकला जाणारा टाय रॉड एंड दीडशे-दोनशे रुपये वाचवतो खरा, पण त्यातली गोळी किती कडक केलेली आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

गाडी तुमची असेल तर काय बघाल?

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. पॉवर स्टेअरिंग असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. खिडकीतून हात घालून स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि पुढच्या चाकाकडे बघा. चाक हलायच्या आधी स्टेअरिंग किती फिरतं? दोन-तीन बोटांच्या पलीकडे जात असेल तर नियमाच्या ३० अंशांची वाट बघू नका.

मग टायर बघा. टायर खोटं बोलत नाही. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल, किंवा हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागत असेल, तर वर काहीतरी ढिलं आहे किंवा अलाइनमेंट गेली आहे. असल्या टायरच्या जागी नवा टायर टाकणारे लोक कमी नाहीत. नवाही तसाच झिजतो.

पुढचं काम गॅरेजचं. जॅकखाली स्टँड देऊन चाक उचलायचं. घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि खडखड आली, तर संशय टाय रॉडवर. बारा आणि सहाच्या जागी धरून हललं, तर बॉल जॉइंट, किंग पिन किंवा चाकाचं बेअरिंग. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये, हेलपर पोराला तर मुळीच पाठवू नये.

पार्ट बदलताना मालकाने उभं राहून बघाव्यात अशा काही गोष्टी आहेत. एका बाजूचा टाय रॉड एंड गेला असेल तर दुसराही बहुधा त्याच वाटेवर असतो, दोन्ही बदला. नटमधली स्प्लिट पिन नवीनच हवी. जुनी सरळ करून पुन्हा घातलेली पिन तुटते, आणि तिच्याऐवजी वायरचा तुकडा पिळलेला मी स्वतः पाहिलाय. वाकलेला दांडा तापवून सरळ करणं किंवा तुटलेल्या आर्मला वेल्डिंग मारणं, यावर वाद घालायचाच नाही, पार्ट नवा आणायचा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसायचे, हवेत असताना कसले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. आणि टाय रॉडला हात लावला की व्हील अलाइनमेंट आलीच. ‘आटे मोजून बसवलाय, गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आटे मोजणं हे अलाइनमेंट सेंटरपर्यंत गाडी नेण्यापुरतं असतं.

आणि तुम्ही फक्त बसणारे असाल तर?

गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. एवढं कुणालाही करता येतं. पण तपासणीत त्या गाडीत काय काय सापडलं होतं, ते तिथे कळत नाही. ब्रिटनमध्ये हे वेगळ्या पद्धतीने होतं. तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत २०१८ पासून दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे वर्ग आहेत, शिवाय ‘आत्ता पास, पण लक्ष ठेवा’ असा शेराही असतो. सस्पेन्शनचं बुश झिजायला लागलं असेल तर ते नोंदवलं जातं आणि कुणीही गाडीचा नंबर टाकून तो इतिहास इंटरनेटवर फुकट बघू शकतो. आपल्या स्वयंचलित केंद्रांतली मशीन आकडे मोजतातच. ते आकडे मालकाला आणि गाडी भाड्याने घेणाऱ्याला दिसू लागले, तर शुल्क दहापट करण्यापेक्षा जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं.

दंडाचं म्हणाल तर सदोष गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

विम्याची बाजू त्याहून जड आहे आणि ती देवदर्शनाला निघणाऱ्या घरांना बहुधा माहीतच नसते. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची कायदेशीर जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे हौद्यातल्या सतरंजीवर बसलेल्या आजीला काही झालं, तर भरपाईसाठी दार वाजवायचं ते गाडीमालकाचं. आणि तो मालक बऱ्याचदा त्याच गावचा, त्याच भावकीतला, एका गाडीवर घर चालवणारा असतो.